अट क्रमांक सात

रबाळे पोलीस ठाण्याच्या कागदावर
आमचा बॅण्ड असा उतरला आहे:
पिपाणी लांब – दोन, पिपाणी आखूड – तीन,
ढोल, ताशा,
भोंगा पितळी, अंगाला वेटोळं घालणारा – एक.
हवालदार दहिफळे बीडकडचे,
युफोनियम त्यांना कुणी सांगावं!
हसुराम केणी म्हणाला, भोंगाच लिवा साहेब,
माजा बापूस पन भोंगाच म्हनायचा.

अट क्रमांक सात:
जुन्या शाखेच्या फलकापासून नव्या शाखेच्या फलकापर्यंत
वाद्य ओठाला लावू नये,
काठी कातड्याला लावू नये.
कागदात मीटर होते.
आम्ही चालून पाहिलं: एकशे ऐंशी पावलं.

दोन्ही फलकांच्या उद्घाटनाला आम्हीच वाजवलं होतं.
तेच गाणं, तीच सुपारी,
दुसऱ्यांनी पाचशे कमी दिले इतकंच.
तेव्हापासून गोठिवलीत क्रिकेटच्या टीमा दोन,
हळदीच्या पंगती दोन,
आणि मागच्या जत्रेत दगड एक.
तो कुणाचा, तपास चालू आहे.
फुटलेला ढोल मुद्देमालात आहे.

यंदा गावदेवीची पालखी निघाली,
पहिल्या फलकाशी दहिफळेंनी हात वर केला.
मी कॉर्नेट काखेत मारली,
कोंबडी धरावी तशी.
चपला ऐकू आल्या. डीपीची घरघर.
समोरच्या टॉवरात तिसऱ्या मजल्यावर
कुकरनं शिट्टी दिली.
कुकरला परवानगी लागत नाही.

आणि मागून, बारीक,
खुळ्... खुळ्...
हसुरामची नात, दिशा, नऊ वर्षांची.
वाजवत नव्हती बिचारी,
नुसती चालत होती.
दोन्ही फलकांखालची पोरं ओट्यावरून उठली.
दहिफळे वळले. दे इकडं.
भरला पेला धरावा तसा
त्यांनी खुळखुळा दोन्ही हातांत धरला
आणि पाऊल टाकलं.

खुळ्.

ते थांबले. पालखी थांबली. भोई घामेजले.
टोपी काढून त्यांनी त्यात खुळखुळा ठेवला,
वर रुमाल दाबला,
पुन्हा चालले.
खुळ्. खुळ्.
सरकारी बूट, त्यामुळे ठेका पक्का.
खाली बघत, कान लाल,
एकशे ऐंशीतली उरलेली सगळी पावलं
त्यांनी वाजवत नेली.
उठलेली पोरं तशीच उभी राहिली,
एकाची मान हलत होती.

दुसरा फलक मागे पडला.
टोपी डोक्यावर, खुळखुळा दिशाच्या हातात.
हसुरामनं भोंगा ओठाला लावता लावता विचारलं,
साहेब, कारवाई कुनावर?

दहिफळेंनी कागद उघडला, बोट फिरवलं.
खुळखुळा लिहायचा राहिला होता.