मापारी

आमचं आडनाव जुबैलच्या कागदात मावलं नाही.
चौकोन तीनच होते:
त्याचं, त्याच्या बापाचं, बापाच्या बापाचं.
नजमुद्दीन इस्माईल दाऊद,
एवढ्यावर शिक्का बसला
आणि मापारी राहिला बाणकोटच्या धक्क्यावर,
तरीत न चढलेल्या सामानासारखा.

इथं त्याला कुणी विचारलं नव्हतं, तू कोण.
विचारायचं काय त्यात?
खालच्या मोहल्ल्यातला, मापाऱ्यांचा,
ज्याच्या आज्यानं खोताच्या खळ्यावर भात मोजलं
आणि पहिल्या मापाला एक म्हटलं नाही कधी,
लाभ म्हटलं.

तिथं रोज विचारलं.
फाटकावरचा पोलीस म्हणे, हिंदी.
लखनौचा फोरमन म्हणे, बंबईवाला,
आणि बावाचं उर्दू ऐकून हसे:
मियाँ, ख्वाब भी मराठी में देखते हो?
बघत असणार.
झोपेत कोण जाब विचारतो.

मग अकरा नंबरच्या खोलीत कुन्हाली आला, पोन्नानीचा.
ह्याची भाषा त्याला नाही, त्याची ह्याला नाही,
पण असरला, सावली माणसाएवढी झाली की
खोलीतले दोघंच उठत.
पेशावरवाले सावली दुप्पट व्हायची वाट बघत,
चहा पीत.
बावानं पत्र लिहिलं, मराठीत, निळ्या शाईनं:
‘आपण शाफई आहोत. तुला ठाऊक होतं का?’
आईनं मला ती ओळ दोनदा वाचायला लावली.
मग मासळी साफ करता करता म्हणाली,
आपल्यात सगळेच तसं पढतात,
त्याला नाव कशाला लागतं?

दर दोन वर्षांनी तो थोडा थोडा आला.
एकदा कांबळी आणि टेपरेकॉर्डर.
एकदा रमजानच्या जागी रमदान.
एकदा आईसाठी काळा अबाया, बाह्यांवर खडे.
आईनं तो साडीवरूनच चढवला,
आणि बाजारात गोपाळ खारव्याची बायको
भाव सांगताना अहोजाहो करायला लागली.
अगं मी, मापारीण! आई ओरडली.
दोघी हसल्या. पण त्या दिवशी बांगडे
घासाघीस न करता घेतले गेले.

एकदा माझ्या हळदीला
बायकांनी कोकणीत गाणं धरलं
आणि बावा ओटीवर खाकरला.
गाणं थांबलं.
चुलतीनं उरलेलं ओठांनीच म्हटलं,
मला दिसत होतं.

आणि मी गेले तेव्हा बावा असलेला माणूस
मुनाफला अब्बू म्हणून मिळाला,
मुनाफच्या पोराला फोनवर जिद्दू म्हणून.

एकोणतीस वर्षांनी गुडघे घेऊन परतला.
जांभ्या दगडाचं घर पाडलं नाही,
त्यापुढं दुमजली बांधलं.
पाटीवाल्यानं विचारलं, अरबी आयतीखाली
आडनाव टाकायचं का?
बावा बराच वेळ पाटीकडे बघत होता.
म्हणाला, जागा उरली तर.

परवा चाँदरातीला
अररियाचे नवे मौलाना म्हणाले, फितरा रोकड द्या,
माणशी इतके, सोपं पडतं.
बावा काही बोलला नाही.
घरी येऊन तांदळाचं पोतं सोडलं,
सूप पुढं ओढलं.
माणशी चार ओंजळी.
हात थरथरत होते, पण एक दाणा सांडला नाही.
पहिली ओंजळ: लाभ.
दुसरी: दोन.
मग जीभ कुठंतरी घसरली:
मून्नु. नालु.
आईनं वर पाहिलं. तो मोजतच राहिला,
तिची चार, स्वतःची चार,
सगळी तशीच, लाभापासून नालुपर्यंत.

मुनाफचं? आईनं विचारलं.
तो दोहात आहे, त्याचं त्यानं तिथं द्यायचं,
बावा म्हणाला,
माणूस जिथं, माप तिथलं.

बोलून झालं तरी
ओंजळ भरलेलीच होती
आणि ती कुठं ओतावी
हे त्याला सुचत नव्हतं.