दोन गुंजा

आमच्या विट्याकडची माणसं
देशभर सोनं-चांदी वितळवत फिरतात.
मी नंदुरबारला थांबलो.
सराफ गल्लीत, जिन्याखालच्या दीड खणात
एक भट्टी, चार मुशी, टाकणखाराची बरणी
आणि केसाचंही वजन सांगणारा काटा.

सुपडाबाई महिन्यातून एकदा येते, प्रकाशाहून.
झारेकरीण.
तापी-गोमाईच्या संगमावर लोक राख सोडतात,
ही गुडघाभर पाण्यात लाकडी पाटी फिरवत
राखेतून वेगळं काढते:
नथीचा वेढा, दातातली तार,
मेलेल्याच्या जिभेवर ठेवलेला सोन्याचा मणी.

यावेळी तिनं पदराची गाठ सोडली
आणि काट्यावर ठेवलं काहीतरी
जाड, ओबडधोबड, काळं पडलेलं.
"हाई काय शे, भाऊ? पिंगया शे का?"

पिंगळाच.
अंग एका बाजूला, डोळे मात्र थेट गिऱ्हाइकावर.
मागे डहाळी, पुढे तीन अक्षरं.
चांदी. दीड तोळ्याला दोन गुंजा कमी.

कॉलेजातले वळवी सर असलं चित्र घेऊन आले होते एकदा.
असं आलं तर वितळवू नका, म्हणाले, मला हाक मारा.
चहा येईपर्यंत सांगत बसले,
की दुसऱ्या बाजूची ही बाई बापाच्या कपाळातून जन्मली,
शिरस्त्राणासकट.
कपाळ फोडलं एका लंगड्या लोहार देवानं, कुऱ्हाडीनं.
मी विचारलं, लोहाराला मजुरी मिळाली का?
सर म्हणाले, बघून सांगतो.

तिच्या गावाजवळच चांदीच्या खाणी.
खणणारे गुलाम, बोगदे इतके अरुंद की सरपटत जायचं.
त्या चांदीची लढाऊ गलबतं झाली.
तिथली माणसं सुटी नाणी गालात ठेवून बाजार करत,
आणि मेलं कुणी तर एक तोंडात,
पैलतीराच्या नावाड्यासाठी.
उधारी चालत नसे त्याच्याकडे.

हे इथवर कसं आलं, मला विचारू नका.
तापी समुद्राला मिळते
आणि समुद्रावरून काहीही येतं.

मी बघत होतो तो घाव.
पिंगळ्याच्या पाठीवर, छिन्नीचा, खोल.
कुणीतरी शंका घेतली होती,
आत तांबं तर नाही?
दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो इसम,
बोटांना काजळी, एक डोळा मिटलेला,
आमच्याच गल्लीतला वाटला.
देवीपेक्षा तोच ओळखीचा.

"मना डोयासमोर आटाव," सुपडाबाई म्हणाली.
"कोना तोंडमाईन निंघनी काय माहीत.
मांगाले येई तो."

तोंडातलं आगीतून गेलंच पाहिजे, हा तिचा नेम.
मी तीस वर्षं सगळं वितळवलं,
मोडलेल्या लग्नांचे तोडे, चोरीचे करदोडे, देव.
हात कधी अडला नव्हता.
भट्टीकडे वळलो, पाठ तिच्याकडे,
मुशीत टाकला घरचा दीड तोळ्याचा तुकडा
आणि नाणं गालात सरकवलं.

राखेची चव. मग नदीची.

लगडी पाण्यात फुसफुसली.
तिनं ती उचलली, तळहातावर एकदा झेलली.
"दोन गुंजा जास्ती शेतस."

मी बोलणार कसा.

बाहेर कुणीतरी शटर ओढलं.
ती उठली, उजवा तळहात
माझ्या हनुवटीखाली धरला,
आजारी पोराच्या धरतात तसा.
"थुक."

थुंकलो.

तिनं पिंगळा पदरानं पुसला, उजेडाकडे धरला.
"डोया उघडा शे आजून."
ती भट्टीकडे गेली नाही, दाराकडेही नाही.
भिंतीवर कोळशानं लिहिलेला सरांचा नंबर
मी तिला वाचून दाखवला,
एकेक आकडा, सावकाश.