दोन मिलिमीटर

फोर्तुनातोमामा जेट ठेवतो
खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत.
पितळेचे मण्याएवढे तुकडे, प्रत्येकाला एक भोक,
केस जाईल न जाईल असं.
खाली लिमात, समुद्राकाठी, एकशे पस्तीस नंबर.
इथे तार्मात एकशे वीस.
वर खिंडीत त्याहून बारीक.
"हवाच विरळ, तर पेट्रोल कोणाच्या जिवावर जाळायचं?"

मला मोठे कार्ब्युरेटर हवे होते,
बॉनेट कापून बाहेर डोकावणारे,
उर्बिसागास्तेगीच्या गाडीला आहेत तसे.
मामाने ते हातात तोलले, परत खोक्यात ठेवले.
"मोठ्या घशाला हाक उशिरा ऐकू येते.
सरळ रस्त्यावर चालून जाईल.
घाटात पाय हलला की उत्तर पाहिजे."

त्याचा डावा कान खाणीतल्या सुरुंगाने नेला.
उजव्यात रबरी नळी घालून
तो दोघांचे श्वास ऐकतो,
एकदा याचा, एकदा त्याचा,
स्क्रू पाव फेरी, मग त्याच्या निम्मी उलट.
मी बोलले की नुसता हात वर करतो.
प्लग काढतो: काळा. पुन्हा काळा.
तिसऱ्या दिवशी भाजलेल्या मक्याचा रंग.
"चल, जेवू," म्हणतो.

आणि तरीही सातवं वळण.
डावं, लांब, आत आत मिटत जाणारं,
खाली नदी, कठड्याच्या जागी पांढरे तीन दगड.
दर वेळी अर्ध्यात इंजिन दम सोडायचं,
गाडीचं वजन पुढे धावायचं,
मागची चाकं माझी राहायची नाहीत.
मला वाटायचं, इथे आपलं धाडस संपतं.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
भाऊ हसायचा: नेलिदाला नदी दिसते.

मामा एकदा शेजारच्या सीटवर बसला,
मांडीवर पाण्याने अर्धा भरलेला पेला.
सातव्यात पाणी उजव्या काठाला चढलं,
त्याच्या विजारीवर सांडलं.
"बघ," तो म्हणाला. "फ्लोटच्या वाटीतही हेच.
पेट्रोल भिंतीला, आणि जेटच्या तोंडी नुसती हवा."

संध्याकाळी झाकण उघडलं.
चिमट्याने फ्लोटची जीभ इवलीशी वाकवली.
पातळी दोन मिलिमीटर वर.

चार वर्षं मी स्वतःला भित्री म्हणत होते
दोन मिलिमीटरपायी.

सकाळी एकटीच गेले.
पाचवं, सहावं. दव सुकलं नव्हतं.
सातव्यात इंजिनाने आवाज बदलला नाही,
एका सुरात ओढत राहिलं,
पायाखाली सगळं हजर, जेवढं मागेन तेवढं.

आणि पांढऱ्या दगडांपाशी
पाय वर उचलला गेला.
इंजिनाचा नाही हा. माझा.

परत आल्यावर मामाने विचारलं,
"तुटलं का कुठे?"
"नाही," मी म्हटलं,
आणि त्याच्या उजव्या कानाशी वाकून
बाकीचं सांगितलं.
त्याने डबी बंद केली.
"त्याला जेट नाही माझ्याकडे."