फलकापुरता मजकूर

ग्रामसेवक म्हणाले, वेशीत फलक लावायचाय,
आंबरवाडीचा इतिहास द्या, दहा ओळींत बसवा.
रंगारी विट्याहून येतो, अक्षरावर पैसे घेतो.

मी शाळेचं दप्तर काढलं.
एकोणीसशे अकराचं पान वाळवीनं अर्धं नेलेलं,
उरलेल्या अर्ध्यात नऊ पोरांच्या नावापुढं एकच शेरा:
‘प्लेगामुळे गाव माळावर. शाळा झाडाखाली.’
कुठलं झाड, ते मास्तरांनी लिहिलं नाही.
बाबालाल मुलाणी म्हणतात, चिंच.
अक्काताई म्हणतात, छे, करंज.
दोघंही तेव्हा जन्मले नव्हते.

ओढ्याकाठी वीरगळ आहे एक.
खाली झुंज, मधे अप्सरा, वर चंद्र-सूर्य.
त्यावर कैक पिढ्यांनी धुणं आपटलं;
घोडा झिजला, स्वार झिजला,
चंद्राची कोर तेवढी अजून बोटाला लागते.
कुणाचा हो हा? विचारलं,
तर कोंडाबाई पिळा झटकत म्हणाल्या,
‘आमचाच की. दुसऱ्याच्या दगडावर कोण धुतंय?’

बहात्तरला पाझर तलाव खोदला,
खडी फोडली, सुकडी खाल्ली.
तलाव झाला. पाणी मागनं आलं, सवडीनं.

तवर निम्मं गाव सोनं गाळायला गेलेलं:
सेलम, त्रिचूर, कटक.
भट्टीपुढं बसून परक्यांच्या अंगठ्या वितळवल्या
आणि इकडं स्लॅब टाकले.
जत्रेला येतात. पोरं मल्याळममधनं भांडतात,
हौसाबाई पायरीवर बसून विचारते,
‘जिंकलं कोण?’
मग अकरा महिने कुलपं.
चौदा घरांच्या किल्ल्या सलूनवाल्या हिंदुरावाकडं,
एका सुतळीत ओवलेल्या.
अमावस्येच्या आदल्या दिवशी तो घरोघर जातो,
नळ सोडून बघतो, दिवा लावून बघतो,
कधी एखाद्या आरशापुढं थांबून
स्वतःचीच मिशी कातरतो. हे त्यानंच सांगितलं,
लिहू नका म्हणाला.

दहा ओळी काही झाल्या नाहीत.

परवा रंगारी आला. गावाचं नाव झालं,
‘स्थापना’च्या पुढं त्यानं जागा सोडली.
म्हणाला, कोपरा मोकळा दिसतोय,
एखादं झाड काढतो, त्याचे पैसे नकोत.
कुठलं काढू?

बाबालाल काठी टेकत उठले.
अक्काताई आधीच उठल्या होत्या.
दुपारची एसटी येऊन वळून गेली,
चहा दोनदा झाला,
डब्यातला हिरवा रंग वरनं साय धरू लागला.