मागे पांढरं हवं

व्हॅनवरच्या 'शुभमंगल फोटो'तलं आता नुसतं 'भमंगल' उरलंय,
आणि सुपडू म्हणतो, राहू दे, गिऱ्हाइकाला कळतं.
गिऱ्हाईक आहे कुठे?
चोपड्याचं दुकान त्याने दिवाळीलाच बंद केलं.
छत्र्या, स्टूल, ताजमहालाचा पडदा
भाच्याला देऊन टाकला,
आणि फाल्गुनात मला फोन :
चाल भो, डोंगर काढू.

अनेर, अरुणावती, गोमाई.
तीन पूल ओलांडले, पाणी एकाच पुलाखाली.
केळीचे बाग मागे पडले, मग पऱ्हाट्या, मग ऊस.
शिरपूरच्या शेवभाजीने जिभा पोळलेले आम्ही दोघे,
बासष्ट आणि त्रेसष्ट,
तळोद्याहून चांदसैलीच्या घाटाला लागलो
दुसऱ्या गिअरात, खिडक्या उघड्या टाकून.

सुपडूची अट एकच. फोटोत माणूस नको.
तीस वर्षं त्याने माणसंच काढली :
घामेजलेले नवरे, रुसलेले मामा,
अक्षता पडताना उघडी राहिलेली तोंडं,
एकदा तर गेलेला म्हातारा, खुर्चीत बसवून,
कारण जिवंतपणी काढायचं राहून गेलं होतं.
डोंगर बरा, म्हणतो,
डोंगर डोळे मिटत नाही.

दोन दिवसांत चारशे फोटो.
वणवा लागून गेलेला उतार आणि राखेत उभा पळस,
सालईची साल, जुन्या वहीसारखी सुटत चाललेली,
तारेवर शिकरा, त्याच्या पंजात सरड्याची शेपटी.
एका वळणावर तो दुखऱ्या गुडघ्यावर अर्धा तास बसला.
मी म्हटलं, उठ, उजेड जाईल.
"डोंगर कोठे पळी जाई ऱ्हायना?"

मोहाखाली पाटी घेऊन एक मुलगी आली.
व्हॅनला एक फेरी मारली, वाचलं, विचारलं,
"भमंगल म्हणजे काय?"
आम्हाला सांगता येईना.
मग शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द नीट ठेवत :
"पासपोर्ट काढता का?
आश्रमशाळेचा फॉर्म आहे. मागे पांढरं हवं."

सुपडू माझ्याकडे बघतो. मी दरीकडे.
मग तो मानेवरचा पंचा काढतो, झटकतो.
एक टोक माझ्या हातात,
दुसरं तिच्या बापाच्या, मोहाने चिकट झालेल्या.
आणि आम्ही दोघे अनोळखी माणसं
हात उंच करून
सातपुडा झाकतो.

वारा पंचात शिरतो. तो शिडासारखा फुगतो.
अलीकडे तेल लावून चापलेले केस, रुमली पावरा, इयत्ता चौथी.
पलीकडे निळ्यामागे निळा, त्यामागे अजून फिका,
ज्यासाठी एवढं डिझेल जाळलं.
मला दोन्ही दिसत होतं. हात भरून आले.
"हनुवटी खाली.
डोळे उघडे.
हसू नको."
किती वर्षांनी ऐकला हा आवाज.
मुलगी हसलीच. त्याने पुन्हा काढला. पुन्हा हसली.
सातव्याला ती गंभीर झाली,
मोजणीला आलेल्या तलाठ्याइतकी.
पैसे? बापाने विचारलं.
सुपडूने ओंजळ पुढे केली. बापाने मोहफुलं टाकली.

तळोद्याच्या झेरॉक्सवाल्याने फोटो मोठा केला :
डाव्या कोपऱ्यात पंचा घसरला होता
(माझी बाजू),
तिथून नखाएवढा डोंगर आत आला होता.
"काढून टाकू?"
सुपडू चष्मा पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.
मला वाटलं, म्हणेल राहू दे.
"काढ," म्हणाला. "फॉर्म परत यील नाहीतर."

आठ प्रती, पाकीट,
धडगाव गाडीच्या कंडक्टरच्या हाती.
त्याने ते तिकिटांच्या पेटीखाली सरकवलं
आणि घंटी मारली.

परत येताना अनेरच्या पुलावर सुपडूने गाडी थांबवली.
पश्चिमेला सगळं पेटलेलं, पात्रात दोन बगळे.
मी कॅमेऱ्याकडे हात नेला.
तो कठड्याला टेकून मोहफुलं खात होता, एकेक.
"ती भमंगल हसली कशाला असंन?" म्हणाला.