बटाटे शिजेपर्यंत

वाड्सो ते किर्केनेस:
हवेतून अडतीस किलोमीटर, रस्त्याने पावणेदोनशे.
मधे फियॉर्डचं पाणी, मोटारीला सगळा वळसा.
तिकिटावर पंधरा मिनिटं लिहितात.
त्यातली तीन तर चाकं पोटात घेण्यात
आणि पुन्हा बाहेर काढण्यातच जातात.
हे मी सांगू शकतो, कारण एकतीस हिवाळे
त्या धावपट्टीवरचा बर्फ मीच लोटला.

आठवड्यातून तीनदा लेम्पी पलीकडे जाते,
रक्त धुऊन घ्यायला.
काउंटरवरची टोरुन आता तिला नाव विचारत नाही,
नुसतं म्हणते, खिडकी ना?
मग तीच टोरुन पिवळं जाकीट चढवून
बाहेर सामान भरायला धावते.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी,
कारण नोव्हेंबर सरता सरता सूर्य इकडे फिरकायचा बंद होतो,
मी स्वयंपाकघरात दिवा न लावता उभा राहतो.
दक्षिणेच्या काळोखात ठिणगी उठली
की बटाटे शेगडीवर.
एका ठिणगीच्या दोन होतात,
छपरावरून जातात, कपाटातल्या बश्या किणकिणतात.
ती दारात बूट काढते तेव्हा
सुरी बटाट्यात अलगद शिरते.
इतका साधा हिशेब.

फेब्रुवारीत एकदा चुकला.
ठिणगी आली, डोक्यावर घरघरली,
बर्फात पट्टी दिसेना म्हणून
दोन घिरट्या घालून माघारी गेली.
मी बटाटे उतरवले. पुन्हा ठेवले. पुन्हा उतरवले.
कंपनीने टॅक्सी करून दिली, आर्विदची.
बुगोयफियॉर्ड, वारांगेरबोत्न, नेसेबीचं पांढरं चर्च,
आणि रस्त्यात ठाण मांडलेली रेनडिअर,
ज्यांना हॉर्न कळतो, घाई कळत नाही.
पावणेअकराला दार वाजलं.
बटाट्यांचा पार लगदा.

मला वाटलं, कोसळेल आता.
तिने लगद्यात लोणी घातलं, दुसऱ्यांदा वाढून घेतलं,
आर्विदच्या घटस्फोटाची सगळी हकिगत सांगितली,
आणि चमचा चाटत म्हणाली,
विमानात वेळच मिळत नाही रे.
हातावरची पट्टी अजून ओली असते
आणि खाली आपलं छप्पर दिसायला लागतं.
पंधरा मिनिटांत पेशंट उतरवून ठेवायची
आणि बायको अंगात चढवायची, कशी?

मी काय बोलणार.
एकतीस वर्षं लोकांचे अडीच अडीच तास
वाचवत आलेला माणूस.

आता ठिणगी दिसली तरी मी बटाटे ठेवत नाही.
ती येते, बूट काढते,
कोट तसाच ठेवून खिडकीशी बसते.
मी विचारत नाही. दिवाही लावत नाही.
कुठवर आली असेल, एवढाच अंदाज घेतो:
बुगोयफियॉर्ड.
बोत्नचा पंप.
नेसेबीच्या चर्चपाशी
तिचं वरचं एक बटण निघतं.
मग मी नळ सोडतो,
बटाटे धुवायला घेतो.