बोटभर

आमच्या गावात पाणी घड्याळाने वाटत नाहीत.
दिवसा काठीच्या सावलीने, रात्री ताऱ्यांनी.
डोंगराच्या पोटातून येणारा पाट, आम्ही त्याला फलज म्हणतो,
आधी मशिदीला जातो, मग हौदाला, मग खजुरांना,
आणि खजुरांपाशी पोचला की भांडणांना.

मी इथला पाटकरी. माझ्याआधी माझा बाप.
कुणाची पाळी संपली ते मी सांगतो,
आणि मी सांगितलं की संपली.

शामिस माझा दूधभाऊ.
माझी आई बाळंतपणात गेली
तेव्हा त्याच्या आईने एका कुशीला त्याला घेतलं, दुसरीला मला.
अजून चिडवायचा : खलफान, डावीकडचं तू प्यायलास,
तिकडचं गोड होतं.

मुहन्नाशी मी एकोणीस वर्षं बोललो नव्हतो.
ईदच्या सकाळी, सगळा गाव जमलेला असताना
तो माझ्या बापाला म्हणाला होता,
‘तू काठी बोटभर सरकवलीस.’
बाप गप्प. घरी येऊन कॉफी मागितली त्याने,
ती तशीच थंड झाली.

खजूर उतरवायच्या आधीची रात्र. पाट करंगळीएवढा.
मी गच्चीवर पडलेलो, डोळे उघडे.
कृत्तिकांचा झुबका पूर्वेच्या खिंडीत आला
की मुहन्नाची पाळी सरणार, शामिसची लागणार.
झुबका अजून खडकामागेच होता
आणि खाली शामिस फावडं घेऊन वाकला.
मुहन्नाचं दार बुजवलं, आपलं फोडलं.
मी हाक मारायला तोंड उघडलं
आणि मिटलं.
पाणी वळल्याचा आवाज आला,
कुणी झोपेत कूस बदलावी तसा.

सकाळी बोरीखाली मुहन्ना आला.
मला नाही, झाडाला सांगितल्यासारखं म्हणाला,
‘शेवटची सात झाडं कोरडी राहिली माझी.’
साक्षीदार? नाही.
शपथ? तो हसला. ‘कुणापुढे घेऊ?
निवाड्याला दूधभाऊ बसलाय.’
शामिस काडीने दात कोरत होता,
स्वतःच्या ओसरीवर बसल्यासारखा.

खरं सांगतो, तेव्हा मला दोघांतलं कुणीच दिसत नव्हतं.
दिसत होती ती थंड कॉफी.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मनात आलं :
सरकवली असेल बापाने.
कुणाच्या मिठाला जागून, कुणाच्या दुधाला.
बोटभर. बोटभराने काय होतं?

त्या दगडावर बसून सांगतात तो निकाल,
खाली उभं राहून सांगतात ती साक्ष.
मी दगडावरून उतरलो.
‘साक्षीदार आहे. मी.
झुबका उगवायच्या आधी दार फोडलं शामिसने
आणि मी गच्चीवरून पाहत राहिलो.’
मग परत चढून बसलो.
‘अर्धा अथर पाणी गेलं.’ तुमच्या घड्याळात पाव तास.
‘निम्मं शामिस भरेल. निम्मं माझ्या पाळीतून जाईल.’

शामिसने काडी मोडली. कपडे झटकले.
‘डावीकडचं तूच प्यायलास,’ म्हणाला, आणि गेला.
त्याची आई अजून बोलावते मला,
आंधळ्या बोटांनी माझं कपाळ चाचपते.
मी आत शिरलो की तो परसदाराने बाहेर.

मुहन्नाने माझ्या वाटचं पाणी घेतलं.
आभार नाहीत, सलाम नाही.
उन्हात उभा राहून सावली पाहत राहिला,
रेघेवर टेकली तशी फावडं मारलं.
एक थेंब जास्त नाही घेतला, एक सोडला नाही.
मग माझ्याकडे न बघता, ‘ये. बघ. बरोबर आहे?’

मी गुडघ्यांवर बसलो.
काठीच्या बुडाशी, दगडात, एक जुनं भोक आहे,
चुन्याने बुजवलेलं. बोटभर अंतरावर.
ते मी लहानपणापासून पाहतो.
कुणी पाडलं, कधी, विचारलं नाही.

‘बरोबर आहे,’ मी म्हणालो.